दोनाला पाच

"मावशी, माझं चारलाच गुलाबी झालं," राजनंदिनी हळूच म्हणाली.

"गप. परीक्षा चालू हाये," झुंबरबाई पुटपुटल्या. पण नजर तिच्या ब्युरेटकडे गेली. परमँगनेटचं जांभळं द्रावण चाराच्या खुणेवर थांबलं होतं. ते खालच्या फ्लास्कमधल्या ऑक्झॅलिक आम्लात थेंबथेंब सोडायचं आणि गुलाबी रंग टिकला की आकडा वाचायचा. अंबडच्या या कॉलेजात बारावीच्या प्रात्यक्षिकाला ते सव्वीस वर्षं दहावर थांबत आलं होतं.

झुंबरबाई प्रयोगशाळेच्या परिचर. शिक्षण सातवी, नवऱ्याच्या जागी लागलेल्या. काचेची भांडी धुवायची आणि कपाटातल्या जुन्या वहीत बघून द्रावणं करायची. ऑक्झॅलिक आम्ल सहा पूर्णांक तीन ग्रॅम, पाणी एक लिटर. का, हे कधी विचारलं नव्हतं. यंदा मात्र शरयू मॅडमनं मोकळ्या तासाला त्यांना मोल शिकवले. अंडी डझनानं मोजतात तसे पदार्थाचे कण मोलानं मोजायचे, एवढं कळलं आणि बाईंना त्या हिशेबाचं वेडच लागलं. काल त्यांनी वही बाजूला ठेवून पहिल्यांदा स्वतः गणित मांडलं. परमँगनेटचे जेवढे मोल, तेवढेच ऑक्झॅलिकचे. उत्तर अडीच ग्रॅम आलं. इतकी वर्षं आपण उगाच जास्त टाकत होतो, असं वाटून त्या स्वतःशीच हसल्याही होत्या.

आता मॅडमनं फळ्यावर जुळवलेलं समीकरण डोळ्यांपुढे उभं राहिलं. परमँगनेटच्या दोन मोलांना ऑक्झॅलिकचे पाच मोल लागतात. दोनाला पाच. त्यांनी दोनाला दोनच दिले होते. मग दहाच्या जागी चार येणार, नाही तर काय?

त्यांनी बाकीच्या टेबलांकडे पाहिलं. एकोणीस पोरं होती. सगळ्यांचं चारालाच गुलाबी झालं असणार, पण प्रत्येक जण गुमान दहा लिहीत होता. दहा येतं, हे एक बॅच दुसऱ्या बॅचला सांगूनच जाते. एकानं तर ब्युरेटची तोटी उघडून आणखी सहा मिली सिंकमध्ये सोडलं आणि पातळी दहावर आणून ठेवली. म्हणजे आपण तोंड उघडलं नाही, तर कुणालाच काही कळणार नव्हतं. निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

जालन्याहून आलेले परीक्षक एकेक कागद बघत राजनंदिनीपाशी आले. मागे शरयू मॅडम होत्या.

"सगळ्यांचं दहा आणि तुझंच चार? ब्युरेट वाचता येत नाही का?"

"सर, तीनदा केलं. चारच येऊ राह्यलं."

"बघ, दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच कर."

पोरीनं पेन उचललं. डोळे भरले होते. धावडा गावाहून येऊन ती इथं खोली करून राहिली होती. रोज सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेच्या दारात उभी. पेन चाराच्या आकड्यावर टेकलं आणि तिथंच थांबलं. झुंबरबाईंच्याने ते बघवेना.

"सर, तिला खोडू देऊ नका," त्या म्हणाल्या. "पोरगी बराबर हाये. चूक माझी हाये."

परीक्षक वळले. "तुमची कशी?"

"द्रावण मी केल्तं. दोन्हीचे मोल सारखेच धरले. दोनाला पाच धरायला पाहिजे होते, ते ध्यानातच आलं न्हाई. मंग चारच येणार."

"मावशी, वहीत लिहिलेलं होतं ना?" मॅडम एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. मावशींचं द्रावण तपासावं लागत नाही, असं सकाळीच त्यांनी परीक्षकांना कौतुकानं सांगितलं होतं.

परीक्षकांनी स्वतः ब्युरेट भरलं. थेंब मोजत राहिले. चाराला फ्लास्क गुलाबी झाला. मग त्यांनी सगळे कागद गोळा करून टेबलावर पसरले. एकोणीस कागदांवर दहा होते. कुणी मान वर करीना.

"हिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकी सगळ्यांनी नवीन द्रावणावर पुन्हा करायचं."

झुंबरबाई सवयीनं तराजूकडे निघाल्या.

"राहू द्या मावशी, मी करते," मॅडम म्हणाल्या.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या तराजूवर दुसऱ्या कुणी आम्ल मोजलं. बाई हात पदराला पुसत बाजूला उभ्या राहिल्या. हात कोरडेच होते. जिवाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर दाराच्या आत मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. ऑक्झॅलिक आम्ल ६.३ ग्रॅम, पाणी एक लिटर. त्याखाली लाल शाईत, स्वतः हिशेब करू नये.

झुंबरबाईंनी ती दोनदा वाचली. मग खिडकीतली पेन्सिल घेतली आणि लाल ओळीच्या खाली बारीक अक्षरात मांडलं. परमँगनेट ०.०२ मोल. त्याला पाचनं गुणलं, दोननं भागलं. ०.०५ आले. त्याला एका मोलाच्या वजनानं, १२६ नं गुणलं.

सहा पूर्णांक तीन आलं. त्यांनी पेन्सिल जागेवर ठेवली आणि कालची ब्युरेटं धुवायला घेतली.