दुसरी पोळी

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता आणि सकाळपासून वादळ सुटलं होतं. आमच्या सौसर गावातल्या घरात भरदिवसा समया लावाव्या लागल्या. लाइन पहाटेच गेली होती. मिक्सर बंद, म्हणून पुरण मी पाट्यावर वाटलं.

"महालक्ष्म्यायले इन्व्हर्टरचा नवस बोलून टाक," आमचे हे, भैय्याजी, म्हणाले.

मी हसले नाही. दोन सवाष्णी सांगितल्या होत्या. लोधीखेड्याची पुलावर पाणी म्हणून अडकली. शेजारच्या मोतीरामभाऊंची बायको जयवंता तेवढी आली, पदर पिळतच.

"वहिनी, माहा मोबाइल मेला. मोतीराम बगिच्यात गेले संत्र्याच्या, फोन करतीन तर कसं?"

"माझा नंबर आहे ना त्यांच्याकडे. तू निवांत जेव."

पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. ती ताटावर बसली. सवाष्ण अर्ध्या ताटावरून उठली तर देवी जेवली नाही असं आमच्याकडे धरतात. तिची पहिली पोळी संपत आली आणि माझा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात जाऊन घेतला. मोतीरामभाऊंचा पुतण्या गजेंद्र होता.

"वहिनी, काकावर झाड पडलं! सरकारी दवाखान्यात आणलं, नागपूरले हलवून राह्यले. काकूले पाठवा लवकर!"

मी "हो" म्हटलं. दवाखाना तर दोन गल्ल्यांवर, मी स्वतःला सांगितलं. डॉक्टर आहेत तिथे. एवढं ताट होऊ दे.

"कोणाचा होता?" भैय्याजींनी विचारलं.

"कंपनीचा."

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हा माझा अकरा वर्षांचा नेम.

मी दुसरी पोळी वाढली, वरून तूप सोडलं.

"पोट फुटून राह्यलं वहिनी, बस करा!"

"देवीचं आहे. टाकू नये."

तिने सावकाश खाल्लं, विडा घेतला, देवींना नमस्कार केला. मग मी सांगितलं. ती अनवाणीच धावली. मी छत्री घेऊन तिच्यामागे.

दवाखान्याच्या पायरीवर गजेंद्र एकटाच उभा होता.

"काकू, गाडी पंधरा मिनिटं रोखली म्या. डॉक्टर म्हणे, आता नायी थांबता येत. काका सारखं तुमचंच नाव घेऊन राह्यले व्हते."

"पंधरा मिनिटं?" जयवंता म्हणाली. "आम्ही तर फोन आल्याबरोबर निघालो."

गजेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पाहिलं.

"तवा मी कितव्या पोळीवर होती, वहिनी?"

"पहिल्या."

"अन् दुसरी तुम्ही..."

मी छत्री तिच्यावर धरली, ती बाजूला सरली.

"चाल गजेंद्र. बोरगावपर्यंत गाठू गाडी."

ती त्याच्या मोटरसायकलवर बसली. त्याने किक मारली तोच त्याचा फोन वाजला. कानाला लावून तो नुसता ऐकत राहिला. मग त्याने मोटरसायकल बंद केली.

जयवंता उतरली नाही. त्याचा खांदा तिने घट्ट धरला होता.

"चालव," ती म्हणाली. "चालव ना रे बाबू. बंद काऊन केली?"