एका किल्लीचे दोघे भाऊ

मी कुलूप बोलतोय. उघडा आहे म्हणून बोलतोय, एरवी तोंड मिटलेलं असतं. सोनगीरच्या तांबट गल्लीतल्या शेवटच्या घराच्या मागच्या दाराला, कडीत नुसता अडकवलेला लटकतो आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, हे कुलूप बिघडलेलं आहे. बिघडलेला मी आधीपासूनच आहे. सध्या मी दुःखात आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बाहेरून सारख्याच दिसतात.

आम्ही दोघे भाऊ. जळगावच्या धनसिंग ओताऱ्याने एकाच मुशीतल्या पितळेतून आधी त्याला ओतलं, मग मला. तो थंड होत होता तेव्हा मी अजून नुसता रस होतो, म्हणून तो थोरला आणि मी धाकटा. तेवढ्याशा अंतरावर त्याने जन्मभर थोरलेपण गाजवलं.

धनसिंगने दोघांना मिळून एकच किल्ली केली. थोरल्याच्या पोटात मात्र ओतताना पितळेचा एक दाणा सुटा राहून गेला. त्याला हलवलं की आतून ‘टुळुक’ असा आवाज यायचा. एवढा भारदस्त गडी, आणि पोटात टुळुक. मी हसायचो. तो म्हणायचा, मोठ्यांच्या पोटात काहीतरी असायचंच.

आमचा मालक अभिमन. जळगावला कापसाच्या जिनात नोकरी करायचा. स्वभावाने गरीब, पण एकदा घरात चोरी झाली आणि त्या दिवसापासून त्याचा माणसांवरचा विश्वास उडून कुलपांवर बसला. पुढच्या दाराला थोरला, मागच्या दाराला मी. घराला लागून शाळा होती, तेवढंच आमचं शिक्षण. थोरला भिंतीपलीकडून सगळं ऐकायचा, घोकायचा. मी चिमण्यांकडे बघायचो. तिनाच्या पाढ्यापर्यंत कसाबसा गेलो आणि तिथेच गंजलो.

जर्मनची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. अभिमनचा निपुत्रिक काका वारला आणि सोनगीरचं घर, थोडं शेत याच्याकडे आलं. जिनाच्या धुळीने त्याची छाती भरायची, म्हणून त्याने नोकरी सोडली आणि बायको पुष्पाबाई, दोन ट्रंका आणि आम्हां दोघांना घेऊन गाडी जोडली. आग्रा रोडवर एका खड्ड्यात चाक आदळलं आणि मी गाडीतून खाली पडलो. खरं सांगायचं तर पडलो नाही, उडी मारली. सोनगीरचा किल्ला बघायचा होता. त्या दिवसापासून माझी कमान ढिली झाली. कुणी वर जोराचा धपाटा मारला की मी किल्लीशिवाय उघडायचो. थोरल्याने मला रस्ताभर झापलं. मी किल्ला बघत होतो.

तांबट गल्ली म्हणजे सकाळपासून ठण ठण ठण ठण. तांब्याच्या पत्र्याचे हंडे, घागरी, परातीच्या पराती. आमच्यासमोर जीवराम तांबट आणि त्याचा जोडीदार वना हे दोघे एकाच हंड्यावर आळीपाळीने हातोडे मारायचे, तरी एकाचा हातोडा दुसऱ्याच्या हातोड्याला कधी लागायचा नाही. पुष्पाबाई पहिल्या दिवशी दोन्ही कानांवर हात ठेवून बसली. आठवडाभराने आवाज थांबला की तिला चुकल्यासारखं व्हायला लागलं. जीवरामने नव्या शेजाऱ्यांना एक हंडा दिला. घोटलेला, नव्या नवरीसारखा लाल. पलीकडचा रुपचंद खाट विणायला म्हणून आला, गप्पा मारत तिसऱ्या दिवसापर्यंत विणत बसला आणि जेवूनच गेला.

आता त्या गल्लीची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. तिथे दाराला कडी घालतात. शेतात गेले, बाजारात गेले, कडी. कुलूप लागतं ते एकदाच, घरातलं माणूस संपलं आणि चूल कायमची विझली की. अभिमनला हे कुठून ठाऊक असणार?

एके दिवशी नवराबायको आम्हां दोघांना लावून शेत बघायला गेले. परत आले तर दारापुढे अख्खी गल्ली बसलेली. बायकांनी पदर तोंडाला लावलेले, पुरुष माना घालून, हातोडे बंद. जीवरामची आई भागाबाई सगळ्यांत पुढे, मोठ्या सुरात रडत होती. थोरला तिच्या डोक्यावर लटकत होता आणि त्याला कळेना की आपलं काय चुकलं. पुष्पाबाई घाबरून म्हणाली, “कोण गेलं हो?”

भागाबाईने वर पाहिलं आणि रडणं अर्ध्यावर तोडलं.

“तुमीच ना वं माय,” ती म्हणाली. “घरले कुलूप लागनं, आम्हले वाटनं घर बसनं.”

मग हशा काय पिकला म्हणता. मागच्या दाराला लटकून मी इतका हसलो की उघडता उघडता राहिलो. अभिमन मात्र ओशाळला. त्याने सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की आमच्याकडे कुलूप म्हणजे फक्त बाहेर जाणं. यापुढे कुलूप दिसलं तर घरात कुणी नाही असं समजा आणि खुशाल आपलं काम करा. गल्लीने माना डोलावल्या. हे बोलणं नीट लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून मात्र शेजार घरात शिरला. कुणी विरजण न्यायला, कुणी विस्तव द्यायला. भागाबाईची शेळी आमच्या परसात बांधलेली असायची, म्हणून तिला मागचं दार सोयीचं. मी लागलेला असलो की ती मला एक धपाटा द्यायची, मी उघडायचो, ती चुलीत निखारा सारून विरजणाची वाटी झाकून जायची. हे तिला ठाऊक, मला ठाऊक आणि तिच्या शेळीला ठाऊक. थोरल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, तू कुलूप आहेस की काय आहेस? मी म्हणालो, मी शेजारी आहे.

पुष्पाबाईला दिवस गेलेले होते. तिला ना आई ना बहीण. वेळ येईल तेव्हा जवळ कुणी बाईमाणूस नसलं तर काय, ही एकच भीती तिला खात होती. एकदा निखारा घेता घेता तिने ती भागाबाईला सांगितली. भागाबाई चिडली.

“का वं, आम्हे काय मरी ग्यात का?”

पण अभिमनचा भरवसा त्याच्या बहिणीवर, धुळ्याच्या ताईबाईवर. महिना उरला तेव्हा तिला आणायला तो पहाटेच निघाला. पुष्पाबाईला रात्रभर झोप नव्हती, ती आत निजली होती. तो मनाशी म्हणाला, ही गल्ली तिला घटकाभर निजू द्यायची नाही. म्हणून त्याने पुढे थोरल्याला लावलं, मागे मला लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि गेला. मायेनेच कोंडलं त्याने.

गल्लीने पाहिलं, कुलूप आहे. म्हणजे घरात कुणी नाही. पहाटेपासून कुलूप म्हणजे दोघे लांब गेले, आज चूल पेटायची नाही, असं म्हणून भागाबाईनेही निखारा परत नेला. सगळे खुशाल आपल्या कामाला लागले.

दुपारी पुष्पाबाईच्या पोटात कळ आली. महिना आधीच. ती हाका मारत होती, पण बाहेर वीस हातोडे चालू. हाक दाराशी येऊन विरून जायची. मी आतलं सगळं ऐकत होतो. उघडण्यासाठी मी काय काय नाही केलं. वाऱ्याने हललो, दारावर आपटलो, शेळीकडे बघितलं. शेळी पाला खात होती. दुसऱ्या कुणाचा धपाटा पडल्याशिवाय मला उघडता येत नाही, हे तेव्हा कळलं.

मग पुष्पाबाईने जीवरामचा हंडा पालथा घातला आणि त्यावर बत्ता मारायला सुरुवात केली. वेडावाकडा. दोन भरभर, एक थांबून, मग तीन.

समोर जीवरामने हात थांबवला. वनाला म्हणाला, “नीट मार ना रे, कसा मारस?” वना म्हणाला, मी मारतच नाहीये, तूच चुकतोयस. जीवरामने पलीकडच्या दुकानाला शिवी घातली. त्या दुकानाने त्याच्या पलीकडच्याला विचारलं, की आज गांजा लवकर घेतला काय. त्याने आईची शपथ घेतली आणि हात वर करून दाखवले. एकेक हातोडा भांडायला म्हणून खाली ठेवला गेला. असं करत अख्खी गल्ली थांबली, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आहे.

आणि ठोका चालूच. कुलूप लावलेल्या घरातून.

“बठ्ठा गप,” भागाबाई सगळ्यांवर ओरडली. मग आतली हाक सगळ्यांना ऐकू आली.

पुढच्या दाराशी धावपळ झाली. थोरल्याने ओढ खाल्ली, धक्के खाल्ले, पण तो कुलूप होता, माझ्यासारखा शेजारी नव्हता. भागाबाई ओरडली, “जीवराम, देखत काय बसना? तोड.” आणि ओरडता ओरडता तिला मी आठवलो. ती म्हातारी घराला वळसा घालून धावत आली. तिचा धपाटा माझ्यावर पडला आणि जीवरामचा घण थोरल्यावर पडला. एकाच वेळी. मी उघडलो. तो फुटला.

वळसा घालायला म्हातारीला जेवढा वेळ लागला, तेवढाच उशीर. ती आधीच मागे आली असती तर आज आम्ही दोघे असतो. मला पुन्हा पुन्हा तेवढंच आठवतं. जन्मात एकदाच उघडायचं होतं आणि थोरल्याला ते जमलं नाही. मी नको तेव्हा उघडत आलो आणि जिवंत आहे.

तिन्हीसांजेला अभिमन ताईबाईला घेऊन आला. बघतो तर कुलूप फुटलेलं आणि दारापुढे अख्खी गल्ली बसलेली. त्या दिवसासारखीच, माना घालून. तो गाडीजवळच धुळीत बसला. गल्लीतल्या कुणीही पटकन काही सांगितलं नाही. वना तर खाली बघून मिशीत हसत होता, असं शेळी सांगते. मग आत बाळ रडलं.

“पोरगी शे,” भागाबाई म्हणाली. “दोन्ही खुशाल. कोनी मरेल नही.”

जीवरामच्या ओंजळीत थोरल्याचे तुकडे होते. तो म्हणाला, “मरना तो हाऊच एक.”

सगळे हसले. मी हसलो नाही.

जीवराम ते तुकडे घेऊन गेला. दुकान समोर असलं तरी त्याची भट्टी आमच्या परसामागे आहे, मागच्या दारातून दिसते. त्याने थोरल्याला मुशीत घातलं ते मी पाहिलं. ज्या रसातून आम्ही आलो त्याच रसात तो गेला. अभिमनने मला पुन्हा लावलं तेव्हा मी ठरवलं, आता कुणासाठी उघडायचं नाही. वनाचं बोट चिमटलं. ताईबाईला रक्त येईपर्यंत ओरखडलं. अभिमनने किल्ली घातली तर मी तिला आत धरून ठेवली. थोरल्यामागे ती आता माझी एकट्याची होती. जीवराम दुरुस्तीला म्हणून मला उचलायला आला तेव्हा तर मी असा रुतून बसलो की त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, राहू दे, याला राग आहे.

बाराव्या दिवशी बारसं झालं. रुपचंदने पाळण्याची दोरी वळली होती आणि अर्थातच जेवायला थांबला होता. बायका गात होत्या. ताईबाई बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली आणि तेवढ्यात जीवरामने पाळण्यात काहीतरी हलवलं.

टुळुक.

मी कडीवर ताठ झालो. पुन्हा, टुळुक. जीवराम लोकांना सांगत होता, की त्या कुलपाच्या पितळेचा पत्रा ठोकून हा खुळखुळा केला. पोटात एक दाणा सापडला होता, तो मात्र वितळवला नाही, जसाच्या तसा आत घातला. पोरगी रडायची थांबली होती. त्या गोंधळात तिचं नाव काय ठेवलं ते मला ऐकूच आलं नाही.

मी उघडलो. कुणाच्या धपाट्याशिवाय, आपला आपण. किल्ली खाली पडली आणि शेळीने ती हुंगून पाहिली.

तेव्हापासून मी असाच आहे. पुढच्या दाराला आता कडी आहे. अभिमन शेतात जातो, नुसती कडी घालून जातो, आणि चार पावलांवरून एकदा वळून बघतो. जुनी सवय. थोरला, ज्याने जन्मभर तोंड घट्ट मिटून ठेवलं, तो आता सकाळपासून बडबडतो. ती पोरगी त्याला चावते, जमिनीवर आपटते, भागाबाईच्या अंगावर फेकते. मला झापायचास ना? आता बघ. मी इथून त्याला चिडवतो. तो टुळुक म्हणतो. काय म्हणतो ते समजण्याइतका मी शिकलेलो नाही.

तुम्ही कधी तांबट गल्लीत आलात तर विरजण न्यायला मागूनच या. मला धपाटा मारा, ओढा, हसा, काही करा. फक्त जाताना दार ओढून घेऊ नका. दार लागलं की आतलं टुळुक मला नीट ऐकू येत नाही.