मालकांचं म्हणणं

गादीवाल्यांनी काचेचा दरवाजा खांद्याने ढकलला, स्वागताच्या टेबलाशी उठून उभ्या राहिलेल्या मुलीला हातानेच खाली बसवलं आणि सरळ आत येऊन संपादक बाईंच्या समोर मागच्या आठवड्याचा अंक आपटला. कपातला चहा हिंदकळून बशीत सांडला. आजूबाजूच्या वार्ताहरांनी माना आपापल्या संगणकाच्या पडद्यात खुपसल्या.

"सकाळी मला फोन कुणी केला होता?"

"मी," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलणं अर्ध्यावर तोडलंत."

"तोडलं नाही. नको त्या माणसांशी मी बोलत नाही, म्हणून ठेवला."

"आता आलाच आहात तर बसा."

"बसायला नाही आलो. माझा कारखाना विकला जातोय म्हणे! कोण घेतंय? सांग की. कोण घेतंय?"

बाईंनी नाव सांगितलं. दुसऱ्या शहरातली पलंग-कपाटं करणारी मोठी कंपनी होती ती. गादीवाले मोठ्याने हसले. सगळ्यांना ऐकू जावं असं, चौफेर बघत हसले. एक डोळा लालसर होता आणि त्यातून पाणी येत होतं. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात मात्र त्यांनी काढला नाही.

"छापून तर बघ. या शहरात तुझ्या पेपरला कुत्रं विचारणार नाही."

"तुम्ही 'अहो'वरून 'अगं'वर आलात म्हणून बातमी खोटी ठरत नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं म्हणणं हवं आहे. आज द्या, नाहीतर उद्या दुपारपर्यंत द्या."

गादीवाल्यांनी अंक उचलून फाडायला घेतला. अंक जाड होता, फाटेना. त्यांनी दोन हातांनी जोर लावला, पुन्हा लावला, आणि शेवटी तसाच कचऱ्याच्या डब्यात कोंबून ते निघून गेले. दरवाजा हलत राहिला. कुणीतरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत. बशीतला चहा कपात ओतून तो गार होईपर्यंत त्या बसून राहिल्या.

बाई काम करायच्या ती कंपनी एकाच नावाची साप्ताहिकं बऱ्याच शहरांत चालवायची. नावाखालच्या ओळीत शहर तेवढं बदलायचं. कुणी गोदाम घेतलं, कुठल्या बँकेत नवा साहेब आला, कोणतं हॉटेल बसलं, असल्या गोष्टींकडे मोठी दैनिकं ढुंकूनही बघत नसत. त्या सगळ्या इथे यायच्या, आणि शहरातले दुकानदार, वकील, बिल्डर शुक्रवारी सकाळी आधी स्वतःचं नाव शोधत आणि मग शेजाऱ्याचं नाव शोधत तो अंक वाचायचे. बाईंच्या हातात हा अंक आला तेव्हा त्यांचे केस काळे होते.

गाद्यांच्या कारखान्याची बातमी त्यांना शहरातून नव्हे, कंपनीच्याच दुसऱ्या शहरातल्या वार्ताहराकडून आली होती. खरेदीदार त्याच्या गावचा. दोघांची कधी गाठ पडली नव्हती, पण एकमेकांचा आवाज आणि एकमेकांचा खोकला ओळखीचा होता. बाईंनी मग इकडच्या वकिलाकडून खातरजमा करून घेतली. बातमी पक्की होती.

आणि बातमी गोडही लागत होती, हे बाई स्वतःशी नाकारत नव्हत्या. काही वर्षांपूर्वी त्यांनी छापलं होतं की गादीवाल्यांच्या स्वस्त गाद्या आगीच्या चाचणीत टिकत नाहीत. दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोटो कारखान्याच्या फाटकावर, पहारेकऱ्याच्या खिडकीत लागला, या बाईला आत सोडू नये म्हणून. तिथवर ठीक होतं. पण बाईंचा धाकटा दीर त्या कारखान्यात फोम कापायच्या यंत्रावर होता. त्या आठवड्यातच त्याला काढलं. काय चुकलं, कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. दीर नंतर इकडे तिकडे चिकटला, पण तसं काम त्याला पुन्हा मिळालं नाही. जाऊबाई तेव्हापासून बाईंशी सणावारापुरतंही धड बोलत नव्हत्या. जेवायला एकत्र बसल्या तरी मीठ नवऱ्याकरवी मागायच्या.

संध्याकाळी विभागप्रमुखांचा फोन आला. आठदहा शहरांचे अंक त्यांच्या ताब्यात होते.

"गादीवाले मला फोन करून काय काय बोलले, तुला सांगत नाही," ते म्हणाले. "आपल्या वार्षिक समारंभाचे ते प्रायोजक आहेत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मालकाचं म्हणणं घेतल्याशिवाय पान छापायला सोडायचं नाही. मग नकार का असेना. पण त्यांच्या तोंडचा हवा."

दुसऱ्या दिवशी बाई कारखान्याकडे निघणार तेवढ्यात गादीवाल्यांचाच फोन आला. "ये," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला.

पहारेकऱ्याने फोटोकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि फाटक उघडलं. आत सरसाचा उग्र वास भरला होता. फोमचे माणसापेक्षा उंच ठोकळे ओळीने उभे होते. गादीवाल्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. तिच्या काचेतून खाली चाचणीचं यंत्र दिसायचं. एक जाडजूड लाकडी रूळ नव्या गादीवरून पुढे जात होता, मागे येत होता. गादी दबत होती, फुगत होती.

त्यांनी बसा म्हटलं नाही. बाई बसल्या आणि वही उघडली.

"तुला कुणी सांगितलं?"

"ते मी सांगत नाही."

"सह्या झाल्या?"

बाईंनी पेन टेकवलं होतं ते उचललं. "तुम्हालाच माहीत असेल."

"मी तुला विचारतोय."

"झाल्या म्हणतात. मागच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात मी डोळ्याचं ऑपरेशन करून पडलो होतो," गादीवाले म्हणाले. ते बाईंना उद्देशून नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "माणसं?"

"निम्मी ठेवणार. शिलाई तिकडे हलवणार आहेत."

"आणि नाव?"

"वर्षभर ठेवतील. मग गाद्यांवर त्यांचं नाव येईल."

खाली रूळ पुढे गेला, मागे आला. बाईंनी वहीकडे बघितलं. पान कोरं होतं. आल्यापासून त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता; सगळे प्रश्न त्यांनाच विचारले गेले होते, आणि त्या एखाद्या आज्ञाधारक मुलीसारख्या उत्तरं देत बसल्या होत्या.

मग त्यांना कळलं.

हृदयाच्या दुखण्यातून उठल्यावर गादीवाल्यांनी सगळे शेअर मुलीच्या नावावर केले होते. हे शहराला ठाऊक होतं, खुद्द बाईंनीच ते छापलं होतं. मुलीने कुणाला विचारायची गरज नव्हती. आणि तिने विचारलं नव्हतं. मथळा बाईंच्या डोळ्यांपुढे आपोआप जुळून आला. शहर कसं खिदळेल, तेही ऐकू आलं. गादीवाल्याच्या बुडाखालची गादी पोरीने ओढली आणि त्याला पत्ताही नाही! पानाच्या टपरीपासून क्लबापर्यंत सगळे महिनाभर चघळतील. दिराचा चेहरा आठवला. बाईंचा हात वहीवर घट्ट झाला.

गादीवाले त्यांच्याकडेच बघत होते. बाईंना कळलंय, हे त्यांना कळलं. तसा त्यांचा आवाज पुन्हा कालच्याइतका चढला.

"लिही! बघत काय बसलीस? हा निर्णय माझा आहे. माझं वय झालं, मीच मुलीला सांगितलं, आता आपण थांबायचं."

"हे खरं आहे?"

"माझं म्हणणं विचारायला आलीस ना? हे माझं म्हणणं. का आता तेही तूच ठरवणार?"

"तुमच्या मुलीला मी फोन करतेय. त्या उचलत नाहीत."

"नाही उचलणार. तिच्या वतीनं मी बोलतोय, तेही लिही."

बाईंनी लिहिलं. गादीवाल्यांनी ते वाचून दाखवायला लावलं. मान झुकवून, न दुखणारा डोळासुद्धा मिटून ऐकलं.

"'विकला' नको. 'सोपवला' लिही."

बाईंनी शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला.

"झालं? मग चालती हो. तुझं तोंड बघायची मला हौस नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

पान सोडायच्या आधी विभागप्रमुखांचा पुन्हा फोन आला. आज त्यांचा सूरच निराळा होता.

"अगं, तिकडचा वार्ताहर म्हणतोय, म्हाताऱ्याला काही माहीतच नव्हतं! खरेदीदाराचा माणूस दारूच्या नादात बोलून गेला. हेच वर घे. आपल्या सगळ्या शहरांत उचलतील."

"काल तुम्हीच समारंभाची काळजी करत होतात."

"कारखाना दुसऱ्याचा झाला, आता कसला प्रायोजक! तू समोर बसली होतीस त्याच्या. तुला काय वाटलं?"

बाईंनी वही जवळ ओढली. समोरच्या पडद्यावर मथळ्याची जागा रिकामी होती.

"ते म्हणाले, निर्णय त्यांचाच. माझ्या वहीत तेच आहे."

"मी वहीचं विचारत नाहीये."

"दारू प्यायलेल्या त्या माणसाचं नाव द्यायची तिकडच्याची तयारी आहे का?"

"नाव कोण देणार!"

"मग राहू द्या."

"तुझं त्याचं एवढं हाडवैर, आणि तू—"

"वैर माझं आहे. पानावर कशाला?"

शुक्रवारी सकाळी पहिला फोन जाऊबाईंचा आला. त्यांनी आपण होऊन फोन केला, याचंच बाईंना इतकं नवल वाटलं की त्या उभ्या राहिल्या.

"वाचलं," जाऊबाई म्हणाल्या. "ह्यांनाही वाचून दाखवलं. ज्यानं आपल्या घरातल्या माणसाला रस्त्यावर आणलं, त्याचीच तळी उचललीत. म्हणे, कारखाना सोपवला! छान. तुमचं पोट भरलं असेल." फोन बंद झाला.

दुपारी गादीवाल्यांची मुलगी आली. ती बापासारखी दरवाजा ढकलून आली नाही. उघडून आली, तो मागे नीट लावला, आणि अंक बाईंसमोर ठेवून बोट टेकवलं.

"ही ओळ चूक आहे. दुरुस्ती छापा."

"काय चूक आहे?"

"निर्णय त्यांचा नव्हता, माझा होता. दोन वर्षं मी यासाठी खपतेय. कारखाना गाळात चालला होता, त्यांना दिसत नव्हतं, दाखवलं तर बघायचं नव्हतं. आणि तुम्ही छापता, त्यांनी सांगितलं आणि मी केलं! जन्मभर हेच ऐकतेय मी."

"तुम्ही माझा फोन उचलला असतात, तर तुमचं म्हणणंही छापलं असतं."

मुलीच्या डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा होत्या. बाईंनी विचारायला नको होतं, ते विचारलं.

"घरी काय म्हणाले?"

"काही नाही." ती हसली, पण ते हसू तोंडातच राहिलं. "अंक नाश्त्याच्या टेबलावर होता. म्हणाले, 'सोपवला' हा शब्द बरा आहे. मग म्हणाले, पाव सरकव. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ओरडतील, वस्तू फेकतील, घराबाहेर काढतील, प्रत्येकाला उत्तर होतं माझ्याकडे. पाव सरकव याला काय बोलणार?"

बाईंनी अंकाची घडी करून तो बाजूला ठेवला.

"त्यांना कळलं कधी? तुमच्याकडूनच ना?"

"निर्णय त्यांचाच, असं त्यांनी मला सांगितलं."

"ते खोटं आहे, हे तुम्हाला माहीत आहे."

"मला सांगितलं ते मी छापलं. तुम्ही सांगाल तेही छापीन." बाईंनी एक कोरा कागद आणि पेन तिच्याकडे सरकवलं. "लिहून द्या. खाली सही करा. पुढच्या अंकात याच पानावर, याच जागी येईल."

मुलीने पेन उचललं. उभ्यानेच, टेबलावर वाकून तिने लिहायला घेतलं. 'माझ्या वडिलांना' एवढं लिहून झालं. पुढचा शब्द येईना. तिने पेन कागदावर टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका पसरत गेला.

"ते वाचतील, नाही?"

"शुक्रवारी सगळेच वाचतात."

ती ताठ झाली. कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये टाकली. "घरी नीट लिहिते. पाठवून देते." दरवाजापाशी ती वळली. "तुमचं त्यांच्याशी वैर आहे म्हणतात."

"आहे."

"अजून?"

"अजून."

मुलगी थोडा वेळ बघत राहिली, जणू पुढे काही असेल. मग गेली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी त्या पानावर दुरुस्तीची चौकट आखून ठेवली. वार्ताहरांनी विचारलं, इथे काय यायचंय, तर म्हणाल्या, येईल. गुरुवारी दुपार टळली. छापखान्याने एकदा आठवण केली, मग दुसऱ्यांदा केली. बाईंनी आणखी थोडा वेळ मागून घेतला.

मग त्यांनी चौकट पुसली. स्टेशनरीच्या एका दुकानदाराने शेजारचा गाळा घेतला होता, त्याची तीन ओळींची बातमी पडून होती. ती तिथे बरोबर बसली.