निळा कॉलम आणि मंजुषाची बाटली

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या ओळखीत नसेल. मी वीतभर उंचीचा एक जुना कॉलम, म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली नळी. महाळुंग्यात कारखान्यांच्या गर्दीत एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथल्या फ्रीजमध्ये माझा मुक्काम. माझ्या मण्यांवर निकेल बसलेलं असतं, म्हणून मी निळा दिसतो.

इथे जिवाणूंकडून हवं ते प्रथिन बनवून घेतात. पण जिवाणूच्या पोटात प्रथिनं हजारो; त्यातलं आपलं वेगळं काढायचं कसं? म्हणून आपल्या प्रथिनाला आधीच एक शेपूट जोडतात. त्याला टॅग म्हणतात. सगळं मिश्रण माझ्यातून सोडलं की शेपूटवालं प्रथिन निकेलला घट्ट धरून बसतं आणि बाकीचं खाली वाहून जातं. "आपला निळोबा हाय तवर काळजी न्हाई," असं इथले वरिष्ठ रणजीतसर सगळ्यांना सांगायचे. ते महाळुंग्याचेच. मी फुगून जायचो हो!

मार्चमध्ये माझे मणी मळले. रणजीतसरांनी औषध घालून जुनं निकेल धुऊन काढलं. नंतर नवं भरायचं असतं. तेवढ्यात त्यांना जमिनीच्या मोजणीचा फोन आला नि ते तसेच गेले. निकेल काढलेल्या कॉलमवर चिकटपट्टी लावून तसं लिहायचं, हा आमच्याकडचा नियम. तीही लावली नाही.

दुसऱ्या दिवशी मंजुषाने मला बाहेर काढलं. ही कासारवाडीत राहणारी, मूळची लातूरकडची. वडिलांची कंपनी सुटल्यापासून घर तिच्यावर. ती सहा महिन्यांच्या करारावर होती; ती बनवत असलेलं प्रथिन हाती आलं की कायम होणार होती.

"सर, कॉलम पांढरा दिसतोय," ती म्हणाली.

"आगं, जुना हाय. रंग उडतो. चालव तू," मोबाइलमधून मान वर न करता सर म्हणाले.

तिने दोन महिन्यांची मेहनत माझ्यात ओतली. मी धरायला गेलो, पण धरणार कशाने? सगळं खाली वाहून गेलं. देवा, काय तडफडलो मी! मी धरलेलं प्रथिन शेवटी सोडवून ज्या नळीत घेतात, तिच्यात काहीच आलं नाही.

"तुला टॅगच जोडता आला नाही," मालक यशवंतराव म्हणाले.

"सर, खाली गेलेलं सगळं मी ठेवलंय. एकदा तपासू द्या ना."

"राहू दे आता."

तेव्हा रणजीतसरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना आठवलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी मला उचलून फ्रीजमध्ये मागे सारलं. महिनाअखेरीस मंजुषाची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी रणजीतसरांनी गुपचूप माझ्यात निकेल भरलं. मी पुन्हा निळा झालो आणि मला त्या रंगाची लाज वाटली.

मित्रांनो, वस्तू अर्धवट सोडून जाताना निदान तिच्यावर चिठ्ठी तरी लावा. आणि चूक आपली असेल तर वेळेवर सांगा, कारण आम्हाला तोंड नसतं.

फ्रीझरच्या तळाशी एक बाटली अजूनही आहे. तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलंय, 'मंजुषा. कॉलममधून खाली गेलेलं. फेकू नये.' आतल्या शेपट्या शाबूत असतील; माझ्यात ओतल्या तर आता मी त्यांना धरीन. रणजीतसर अधूनमधून ती काढतात, पट्टी वाचतात आणि परत ठेवतात. ते ती फेकत नाहीत, आणि माझ्यात ओततही नाहीत.