ऑक्टोबरपर्यंत दुखायचं नाही

झाकण पुन्हा उघडंच होतं — पित्ताच्या औषधाच्या बाटलीचं, पांढरं, कडेला गुलाबी साय वाळून बसलेली — आणि मार्लिस ते बोटांत धरून बेसिनपाशी उभी होती, लावावं की नाही या विचारात. लावलं तर नवऱ्याला, ड्वेनला, कळणार की तिने पाहिलं. नाही लावलं तर... तर काय, दोघं मिळून आणखी एक दिवस काही न पाहिल्यासारखं करणार. तिने लावलं, चांगलं करकचून लावलं, काढताना दुखू देत त्याची मनगटं. आणि लगेच स्वतःचाच संताप आला, कारण दुखण्याचा शब्द या घरात बंद होता.

ऑक्टोबरपर्यंत कोणाचं काही दुखायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे ड्वेनने ठरवलं आणि तिने मान हलवली, जशी नेब्रास्कातलं घर विकताना हलवली होती, जशी इथे मेक्सिकोत, चापालाच्या तळ्याकाठी राहायला यायचं ठरलं तेव्हा हलवली होती. आपला सरकारी विमा सरहद्दीपलीकडे चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ड्वेनच्या मते तो प्रश्न आजारी पडणाऱ्या माणसांचा होता. इथल्या क्लबातले सगळे म्हातारे अमेरिकन तेच म्हणत — काही झालं तर गाडी काढायची आणि टेक्सास गाठायचं! दिवसभराचा डोंगरातला रस्ता, छातीत कळ घेऊन... आणि गाडी कोण चालवणार? बायका चालवणार, दुसरं कोण. पण हे बोलायची तिथे पद्धत नव्हती. शेवटी तिने हट्टच धरला, तेव्हा परदेशी लोकांसाठीची ती पॉलिसी घेतली. ती पूर्ण लागू व्हायची ऑक्टोबरात. त्याआधी जे दुखेल, ज्याची डॉक्टरकडे नोंद होईल, ते ‘आधीपासूनचं’. मग त्या दुखण्याला विमा नाही, कधीच नाही. म्हणजे विमा घेतला, आणि विमा घेतला म्हणूनच डॉक्टरकडे जायची चोरी! हे कोणाला सांगितलं तर हसेल.

शेजारची ग्लेनिस हसलीच होती. ग्लेनिस कॅनडाची, दोन नवरे पोचवलेली, कॉफीत काय घालते ते विचारू नये अशी. “डॉक्टरकडे फिरकू नका गं बायांनो,” ती म्हणाली होती. “गेलात की तो लिहितो, आणि लिहिलं की मेलात. माझं बघ, माझी पॉलिसी लागू होईतो मी शिंकलेसुद्धा नव्हते.” सगळे खो खो हसले. ड्वेन सगळ्यात मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याने टेबलाची कड धरली... ती धरलेली कड फक्त मार्लिसने पाहिली.

“मार्ली! बाजारात येतेस की मी जाऊ?” खालून हाक आली.

“तू कशाला जातोस? मी आणते ना.”

“का, मला काय झालंय?”

झालंय काय ते तूच सांग ना मेल्या, तिला म्हणावंसं वाटलं, एकदा तोंड उघडून सांग, पण ती म्हणाली, “टोपी घे, ऊन आहे.”

चौकात सप्टेंबरातल्या स्वातंत्र्यदिनाचे झेंडे विकणाऱ्या हातगाड्या उभ्या होत्या. त्याने पपई घेतली, मक्याच्या टोर्तिया पोळ्या घेतल्या, पिशवी स्वतःच उचलली आणि तिने हात पुढे केला तर “गप गं,” म्हणाला. मग चढ लागला. दगडी गल्लीचा, रोजचाच चढ. आणि अपेक्षेप्रमाणे, त्या पिवळ्या भिंतीपाशी, बुगनवेलीचा झुपका खाली आलाय तिथे, तो थांबला.

“बघ काय रंग आलाय,” तो म्हणाला.

उभ्या आयुष्यात या माणसाने एक फूल पाहिलं नव्हतं. लग्नातला गुच्छ गाडीच्या टपावर विसरून याने गाडी हाकली होती. इथे आल्यावर मात्र तो प्रत्येक चढावर थांबू लागला — बुगनवेल बघ, तळं बघ, त्या कुत्र्याचं तोंड बघ — आणि ती, मूर्ख बाई, हरखून गेली होती. मुलीला फोनवर सांगितलं होतं तिने, तुझे बाबा बदलले गं, या हवेने मऊ झाले. किती दिवस मी त्या थांबण्यावर सुखात होते! मग एकदा तिने फुलांऐवजी त्याच्याकडे पाहिलं, तर ओठ पांढरे, आणि डोळे फुलांवर नव्हतेच, कुठेच नव्हते. तेव्हापासून हा राग. सकाळी उठल्यापासून, कॉफी गाळताना, चादर झटकताना, सतत उकळणारा... त्याच्यावर, विम्याच्या एजंटवर, ग्लेनिसवर, झाकणावर.

“लायलकसारखाच वास आहे नाही?” तो म्हणाला. बुगनवेलीला वास नसतो. पण लायलक म्हटलं आणि ती तिथेच थबकली, कारण लायलकचं, त्या जांभळ्या वासाच्या फुलांचं, कुंपण होतं नेब्रास्कात, शेजाऱ्यांच्या अंगणाला, आणि निघण्याआधीच्या वसंतात ड्वेन तिथे उभा होता, कचऱ्याचा डबा अर्ध्यावर ठेवून, कितीतरी वेळ. ती खिडकीतून पाहत होती. गावाचा निरोप घेतोय बिचारा, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं... निरोप! म्हणजे तेव्हाच होतं. घर विकायच्या आधी, सरकारी विमा हाताशी असताना, रस्त्याच्या टोकाला चांगलं इस्पितळ असताना याला दुखत होतं, आणि हा बोलला नाही. बोलला असता तर आपण आलोच नसतो, म्हणून बोलला नाही. तळं हवं होतं त्याला.

ती बोलणारच होती. भर रस्त्यात, झेंडेवाल्यांच्या देखत, सगळं काढणार होती. वळून पाहिलं तर तो पायरीवर बसला होता, पपई गटाराकडे घरंगळत चालली होती, आणि तो तिच्याकडे सरळ बघत होता, फुलांचं सोंग न करता.

“मार्ली, दुखतंय.”

औषधांच्या दुकानाला लागून डॉक्टरची खोली होती. दोन माणसांनी त्याला धरून आत नेलं. डॉक्टर अरासेली तरुण होती, केस घट्ट बांधलेली. तिने त्याला झोपवलं, गोळी चघळायला दिली, छातीला तारा लावल्या, आणि हे सगळं करता करता रुग्णवाहिका बोलावली. मग विचारलं, “कधीपासून?”

“आत्ताच,” ड्वेन म्हणाला. “आज सकाळीच सुरू झालं.”

डॉक्टरने लिहिलं नाही. ती मार्लिसकडे वळली. “सिन्योरा, ग्वादालाहारा शहरातल्या मोठ्या इस्पितळाला मला आत्ताच कळवायचंय. पहिलाच झटका असेल तर ते एक करतील, जुनं दुखणं असेल तर दुसरं. मी लिहीन तेच ते धरून चालतील. तुम्ही सांगा, कधीपासून?”

आज सकाळपासून, म्हटलं तर अचानक आलेलं दुखणं म्हणून विमा कदाचित भांडून मिळेल, आणि तिथे चुकीच्या दुखण्यावर उपचार होतील. लायलकपासून, म्हटलं तर... तर बरोबर दुखण्यावर होतील, जितके आपल्या पदरच्या पैशाने होतील तितके. मग तळ्याकाठचं घर जाईल, आणि म्हातारपणी मुलीच्या तळघरात, दोघांनी किंवा एकीने. ड्वेनने डोळ्यांनी नाही म्हटलं. मग तेही त्याला जमेना. त्याने डोळे मिटले.

“तूच सांग गं,” तो म्हणाला. “मला आता नाही ठरवता येत.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने राग शोधला. तो असता तर त्याच्या जोरावर काहीही बोलता आलं असतं, खरंही आणि खोटंही. पण तो नव्हता, कुठेच नव्हता, आणि राग नव्हता म्हणून कळलं की इतके दिवस त्या रागाने काय झाकून ठेवलं होतं. हा मरेल, याची भीती. एवढीच, साधी, उघडी. तिने त्याचा हात हातात घेतला. घामाने भिजलेला, तिच्या ओळखीचा हात.

“सांगते,” ती डॉक्टरला म्हणाली. आणि आपल्या तोंडून आता काय बाहेर पडणार आहे, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.