कोऱ्या कागदावरचा शिक्का

मी एक जुना पितळी शिक्का आहे, मित्रांनो, आणि थोडा तोंडाळही. कोणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो.

माझा जन्म जव्हार संस्थानातला. दरबाराला प्रत्येक पाड्यावर पोहोचणे शक्य नव्हते. म्हणून मोखाड्याकडच्या एका महालकरी साहेबांना जमिनीचे तंटे सोडवायचा अधिकार मिळाला आणि त्यासोबत मी मिळालो. अट एकच होती. दोन्ही बाजू त्यांनी स्वतः ऐकायच्या, मगच मला कागदावर टेकवायचे.

सुरुवातीला त्यांनी ती पाळली. लोक माझा ठसा कपाळाला लावत. मी फार फुगलो होतो, खोटे कशाला बोलू? पुढे साहेबांना ऐकण्याचा कंटाळा आला. ते कोऱ्या कागदांवरच ठसे उमटवून देवराम कारकुनाकडे ठेवू लागले. "किरकोळ असेल ते तूच लिही," म्हणत.

एका पावसाळ्यात साहेब हिवतापाने गेले. मला पेटीत घालून कुलूप लावले. पण ठसे मारलेले कागद उरले होते. साहेब गेले तरी त्यांचे निकाल येतच राहिले. आणि बंद पेटीत माझ्या तोंडावर रोज ताजी शाई असे. ती कोण लावत होते, देव जाणे. मला फार भीती वाटे.

मग पोशेरा गावची विधवा हिरी कचेरीत आली. दीर फागूने देवरामला गाठून तिचे नाचणीचे शेत स्वतःच्या नावे करून घेतले होते. तिच्या दोन मुलांचे पोट त्याच शेतावर होते.

"दादा, माझा कोनी आयकला?"

"साहेबांनी. बुधवारी निकाल दिलाय. हा बघ शिक्का."

"त्या बुधवारी तं सायबाच्या सरणाला लाकडां मीच व्हायलीं."

देवरामने तो कागद घाईने दप्तरात सारला. पेटीत माझ्या तोंडावरून शाई ओघळली.

हिरीने वरच्या कचेरीत दाद मागितली. तिथे मला मागवून कागदावरचा ठसा ताडून पाहिला. तो तंतोतंत जुळला. शिक्का खरा, म्हणून तारीख न पाहताच निकालही खरा ठरला. बाहेर बसलेल्या हिरीला आत कोणी बोलावलेच नाही. ती मुलांना घेऊन घाट उतरून गेली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवले नाही तरी चालेल. पण ज्याचे ऐकले नाही, त्याच्या कागदावर मला टेकवू नका. मी खरा होतो, आणि तरीही हिरीचे शेत मीच घेतले.