झाडांवरचे लाल नंबर

नानांना आखून घेतल्याशिवाय पाणीसुद्धा गोड लागत नसे. खरं नाव गोपाळकृष्ण, पण बालाघाटच्या मराठी मंडळात लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणत, सख्खी नात प्राचीसुद्धा. छत्तीस वर्षं सिंचन खात्यात सर्वेअर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हाताची खोड जाईना. घरातल्या डाळीच्या डब्यांवरही नंबर. बायको उमाताई म्हणायच्या, "एक दिवस माझ्या कपाळावरही टाकाल."

मार्चात मंडळानं लेकराबाळांसकट लांजीकडच्या एका टेकडीवर पायी जायचं ठरवलं, आणि वाट ठरवायचं काम नानांनी अंगावर ओढून घेतलं. आठ दिवस आधी ते प्राचीला घेऊन तिथे गेले. तिच्या हातात लाल पेंटचा डबा, यांच्या हातात कोयता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाटेवरची चौदा झाडं निवडली. साल थोडी तासायची, वर ठसठशीत लाल आकडा काढायचा. मुलं आकडे मोजत चढतील, कंटाळणार नाहीत आणि वाटही चुकणार नाहीत. हे गुपित माथ्यावर पोचल्यावर फोडायचं आणि टाळ्या घ्यायच्या, असा बेत. पायथ्याच्या गावात कोणाला विचारावं, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. जंगलातली झाडं, विचारायचं कोणाला?

रविवारी सकाळी आठ कुटुंबं निघाली, लेकरं धरून तीसेक माणसं. पहिलं झाड आलं आणि नाना थबकले. आकड्याखाली शेंदूर फासलेला दगड, त्याच्यापुढे नारळ, फांदीला लाल चिंधी. दुसऱ्या झाडाखाली तेच, तिसऱ्याखाली तेच. मुलं "तीन! चार!" ओरडत पळत होती, बाया जाता जाता हात जोडत होत्या. बँकेतला अनुराग फोटो काढत म्हणाला, "नाना, काय सुंदर जागा शोधली हो तुम्ही! झाडाझाडाला देव!" नाना नुसते हसले. पण सहाव्या झाडापासून त्यांनी आकड्यांकडे बघणं सोडलं.

नववं झाड म्हणजे मोठा मोह होता. खालची जमीन स्वच्छ झाडलेली, तिच्यावर फुलांचा सडा. एक म्हातारी टोपली घेऊन वेचत बसली होती. दुर्गाबाई तिचं नाव. एवढी माणसं पाहून ती उठली.

"रामराम. देव पाह्याले आले का?"

"हे देव कधी बसवले, आजी?" अनुरागनं विचारलं.

"आठ दिवस झाले. कोनी सरकारी मानूस येऊन नंबर टाकून गेला. नंबर पडला का झाड कटते, बापू. कालव्याच्या टायमाले आमचे सात मोह असेच गेलते. मंग गावानं म्हटलं, देवच बसवा. देवावर तं कुऱ्हाड नाही घालनार." तिनं खोडावर हात ठेवला. "माह्या लेकीचं बाळंतपन या झाडाच्या फुलांच्या पैशानं निभावलं. मी अन्न सोडून देलं हाय. नंबर मिटत नाही तवरी नुसता चहा पेतो."

मग तिची नजर नानांवर गेली आणि ती दोन पावलं पुढे आली. "तुमी कालव्याचे साहेब ना? वळखलं मी. साहेब, तुमचं आइकतीन ते लोक. दोन अक्षरं लिहून द्या ना."

तीस माणसं नानांकडे पाहायला लागली. त्या सात मोहांचे आकडेही त्यांनीच टाकले होते. त्यांना ते चांगलं आठवत होतं. मान खाली घालून एक वाक्य बोलायचं होतं, बस. तेवढ्यात प्राची म्हणाली, "नाना, ये नंबर तो हमने..."

नानांनी तिचा खांदा दाबला. "चूप. मोठी माणसं बोलताहेत." आणि दुर्गाबाईला म्हणाले, "मी बघतो, बाई. ओळखीचे आहेत तिथे. झाड कटणार नाही."

म्हातारी वाकली आणि तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. नाना मागे सरले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उमाताईंनी डबा उघडून एक पुरी तिच्या हातावर ठेवली, आणि आठ दिवसांची उपाशी बाई ती उभ्यानंच, डोळे पुसत, खाऊ लागली.

वरची पाच झाडं नानांनी कशी ओलांडली ते त्यांनाच ठाऊक. मुलांचा एकेक आकडा थोबाडीत बसल्यासारखा बसत होता. प्राची मोजायची थांबली होती. माथ्यावर सगळे जेवायला बसले, हास्यविनोद चालले, 'नानांचा वट अजून आहे हं' असं कोणीतरी म्हणालं. नाना पुरीचे नुसते तुकडे करत बसले. उमाताई शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पेंटचा ब्रश मीच धुतला होता." आणि उठून मुलांना वाढायला गेल्या. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्राची दूर पाठ करून बसली होती. ती रडली असती तर त्यांनी समजूत काढली असती, पण ती नुसत्या गवताच्या काड्या मोडत होती.

उतरताना नाना नवव्या झाडाशी थांबले. दुर्गाबाई अजून तिथेच होती. सगळे पोचेपर्यंत थांबले. एकदा बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल, असं त्यांना वाटत होतं.

"बाई, हे नंबर मी टाकले."

दुर्गाबाईला कळलं नाही. "तुमी?"

"हौ. लेकरांच्या खेळासाठी. सरकारचं काही नाही."

अनुरागनं मोबाइल खिशात घातला.

"म्हंजे झाड काटाचं नाही?"

"नाही. काटायचं नव्हतंच कधी."

म्हातारी हसली. दात नसलेल्या तोंडानं लहान पोरासारखी हसली, झाडाला पाठ टेकून मटकन खाली बसली. "अवो बाई! खेळ होता म्हनते! आन आमी आख्ख्या गावानं रात जागून काढली!" नानांना वाटलं, सुटलो. तेही कसंनुसं हसले.

मग तिचं हसू थांबलं. तिनं वर पाहिलं, आणि रागानं नाही, खरोखरच न समजून विचारलं,

"मंग मघाशी मले पाया काहून पडू देलं, साहेब?"

प्राचीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं; तिलाही उत्तर हवं होतं.